ट्रेलरचं स्टेअरिंग डुलतंय: कोकणातल्या नव्या मेस्त्रींसाठी

जुनं हेड, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची गाडी, गॅरेजला लागलं की ड्रायव्हरची तक्रार दोन शब्दांत संपते: "स्टेअरिंग डुलतंय, मेस्त्री." मागोमाग सल्लाही येतो की टायरॉड एंड टाका, होईल बरोबर. कधी होतंही. पण पाच-सहा लाख किलोमीटर पळालेल्या गाडीत प्ले, म्हणजे जोडांतली रिकामी हालचाल, सहसा एका जागी नसतो. थोडा किंगपिनात, थोडा ड्रॅग लिंकमध्ये, थोडा स्टेअरिंग बॉक्सच्या आत आणि उरलेला कमानीच्या (पाट्यांच्या स्प्रिंगच्या) पिनांत असा तो वाटला गेलेला असतो. न शोधता पार्ट बदलला तर गाडी आठवड्यात परत येते आणि मालक पार्टवाल्याला शिव्या घालत उभा राहतो.

ज्यांना पाना-हातोडा चालवता येतो पण स्टेअरिंगचं काम अंगावर घेतलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ज्या मालक-ड्रायव्हरना मेस्त्रीच्या शेजारी उभं राहून काय चाललंय ते कळायला हवं, त्यांनाही उपयोग होईल. पहिलं काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करा. इथे घालायची राहिलेली एक स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घालतात ती) घाटात जिवावर बेतू शकते.

आपल्याकडे हे पार्ट लवकर का जातात

घाटावरचा मेस्त्री किलोमीटर विचारतो. आपण आधी विचारायचं की गाडी पावसात किती दिवस उभी होती. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात खारी हवा आणि जांभ्याचा लाल चिखल. टायरॉड एंडवरचं रबरी कव्हर एकदा चिरलं की पाणी आत जातं, ग्रीस दुधाळ होऊन वाहून जातं आणि आतला बॉल गंजतो. चिरेखाणी पावसाळ्यात बंद, म्हणून तिथल्या गाड्या चार-चार महिने एका जागी उभ्या. ग्रीस न मारता उभ्या केलेल्या गाडीचा किंगपिन चालत्या गाडीपेक्षा आधी गंजून धरते. नंतर दसऱ्याला पूजा करून ती बाहेर काढली की स्टेअरिंग जड लागतं आणि वळणानंतर आपोआप सरळ येत नाही.

घाटांचा भाग वेगळा. कुंभार्ली, आंबा, करूळ इथल्या वळणांवर भरल्या गाडीचं स्टेअरिंग जवळजवळ पूर्ण वळवावं लागतं. बॉक्स, पंप आणि ड्रॅग लिंक यांच्यावर सगळ्यात जास्त ताण येतो तो तिथेच.

आधी साखळी डोळ्यांसमोर आणा

स्टेअरिंगच्या चाकाखाली कॉलम. त्याखाली क्रॉस असलेला आणि लांबी कमी-जास्त होणारा मधला शाफ्ट, तो जातो स्टेअरिंग बॉक्समध्ये. बॉक्समधून ड्रॉप आर्म बाहेर येतो, काही जण त्याला पिटमन आर्म म्हणतात. ड्रॉप आर्मला ड्रॅग लिंक. आपल्याकडे स्टेअरिंग उजवीकडे, म्हणून ड्रॅग लिंक उजव्या स्टब एक्सलच्या (चाकाचा हब ज्यावर बसतो त्याच्या) आर्मला जोडलेली असते. उजव्याची हालचाल डाव्या स्टब एक्सलला पोचवतो तो टायरॉड. आणि दोन्ही स्टब एक्सल ज्या उभ्या पिनेभोवती फिरतात ती किंगपिन. प्ले शोधायचा तो याच क्रमाने, वरून खाली.

प्ले शोधणं

या भागाला घाई करू नका. अर्धा दिवस गेला तरी चालेल.

पुढचे टायर आधी बघा. हवा दोन्हीकडे सारखी आहे का, टायर एकाच मापाचे आहेत का. मग तळहात टायरवर आडवा फिरवा, बाहेरून आत आणि आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा खरखरीत लागला तर टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचा पुढून किंचित आत असलेला कल, बिघडलेलं आहे. ठिकठिकाणी खड्डे पडलेले असतील तर ढिलं बेअरिंग, किंगपिन, असंतुलित चाक किंवा मेलेला शॉक अब्सॉर्बर यांपैकी काहीतरी असतं.

आता गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर घ्या. चाकं सरळ आणि जमिनीवर टेकलेली, हँडब्रेक लावलेला, मागच्या चाकांना ओट, गियर न्यूट्रल. पॉवर स्टेअरिंग असल्याने इंजिन चालू ठेवा. केबिनमध्ये एक माणूस बसवा, त्याचं काम एकच: स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, टायर हलायला लागेपर्यंतच. पोराला आधी बजावून ठेवा, "हळू फिरय रे, झटको देव नको." झटका दिला की खालच्या माणसाला काहीच कळत नाही.

खाली असलेल्याने प्रत्येक जोडावर तळहात ठेवायचा, अर्धा एका पार्टवर आणि अर्धा दुसऱ्यावर. खटखट आवाज फ्रेममधून फिरत कुठूनही ऐकू येतो, त्यामुळे कानावर भरवसा ठेवू नका. स्टेअरिंग फिरतंय पण बॉक्सच्या तोंडाशी शाफ्ट फिरत नाही, तर क्रॉस किंवा मधल्या शाफ्टचे दाते गेले. शाफ्ट फिरतोय पण ड्रॉप आर्म उशिरा हलतो, तर बॉक्स. ड्रॉप आर्म हलतो आणि ड्रॅग लिंक मागाहून हलते, तर तिथला बॉल जॉइंट. अख्खा बॉक्सच फ्रेमवर सरकतोय असं दिसलं तर बॉक्सचे बोल्ट बघा. बोल्टच्या डोक्याभोवती तपकिरी-लाल बारीक पूड जमून तिचा ओघळ खाली आला असेल तर तो बोल्ट ढिला होऊन घासतोय. हा लाल रंग आपल्या चिखलाशी मिसळून जातो, म्हणून बघण्याआधी ती जागा धुऊन कोरडी करा. फ्रेमला चीर आहे का तेही तिथेच कळतं.

बॉल जॉइंट हाताने वर-खाली जोर लावून बघायचा. पहार किंवा पाइप पाना लावून नाही, कारण पहारेने चांगला जॉइंटही हलताना दिसतो. हाताच्या जोराने साधारण दीड मिलिमीटर हलला तर पार्ट मागवा. तीन मिलिमीटरपर्यंत गेला तर ती गाडी गॅरेजबाहेर काढायची नाही. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

किंगपिनची तपासणी चाक उचलून. जॅक एक्सलखाली लावा, चाक दोन-तीन सेंटिमीटर उचला आणि लगेच एक्सलखाली लोखंडी घोडी द्या. चाक वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवा. हललं तरी एवढ्यावरून किंगपिन गेली असं म्हणू नका. केबिनमधल्या माणसाला पायाचा ब्रेक दाबून धरायला सांगा, त्यासाठी टाकीत हवा पुरेशी हवी. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर प्ले हबच्या बेअरिंगमध्ये आहे. तरीही हलत राहिलं तर किंगपिन आणि बुश. ही एक युक्ती पाठ असली तरी किंगपिन किटचे कितीतरी फुकट खर्च वाचतात. शेवटी टायरखाली पहार घालून चाक हलकेच उचला. वर-खाली किती उठतं त्यावरून थ्रस्ट बेअरिंग (उभा भार पेलणारं) आणि शिमची (फट भरायच्या पातळ चकत्यांची) हालत समजते.

कमानीच्या पिना, शॅकल बुश आणि यू-बोल्ट विसरू नका. तिथे ढिलेपणा असेल तर एक्सलच पुढे-मागे सरकतो आणि ड्रायव्हरला वाटतं की स्टेअरिंग खराब आहे.

कायद्याचंही सांगून ठेवतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या नियम 98 प्रमाणे स्टेअरिंगच्या चाकावरचा रिकामा प्ले 30 अंशांपेक्षा जास्त चालत नाही. बॉल जॉइंटला रबरी टोप्या हव्यात आणि बोल्ट-पिना नीट लॉक केलेल्या हव्यात. 30 अंश ही बरीच ढिली मर्यादा आहे. 50 सेंटिमीटरच्या स्टेअरिंगवर ते जवळपास 13 सेंटिमीटर होतात. एवढं होईपर्यंत थांबणारा ड्रायव्हर मला तरी नको. कडेला चार बोटांएवढा रिकामा फिरायला लागला की शोधाशोध सुरू करावी.

सामान आणि जागा

चिपळूणला किंवा कोल्हापूरला माणूस पाठवण्याआधी चेसिस नंबर लिहून द्या. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत किंगपिनचं माप वेगळं असू शकतं. किंगपिन किट दोन्ही बाजूंचं एकदम घ्या: पिना, बुश, थ्रस्ट बेअरिंग, लॉक पिना, शिम, टोप्या, सील. टायरॉड एंडही जोडीने बदला. त्यांतल्या एकाला सुलटे आटे असतात, दुसऱ्याला उलटे. दुकानातच फिरवून बघा, नाहीतर दोन सुलटे घेऊन पोरगा परत येतो. स्टेअरिंगच्या पार्टमध्ये डुप्लिकेट घेऊन वाचवलेले पैसे मला कधीच पटलेले नाहीत. टायरवर करा हवी तर काटकसर.

हत्यारांत जॅक किमान 20 टनाचा, जाड घोड्या, पुलर, पितळी ड्रिफ्ट, टॉर्क पाना, ग्रीस गन, फीलर गेज आणि चष्मा. बुश रीम करायचा, म्हणजे आतून मापाला कोरायचा, रीमर गॅरेजात नसेल तर जवळच्या लेथवाल्याला आधी विचारून ठेवा. शक्य असेल तर मागचा ट्रेलर सोडून नुसतं हेड घ्या. जांभ्याच्या मातीवर घोडी लावू नका, पावसात ती खचते. खाली जाड लोखंडी प्लेट किंवा काँक्रीटच हवं.

आदल्या संध्याकाळी सगळे नट तारेच्या ब्रशने साफ करून गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा. सकाळी अर्धी भांडणं मिटलेली असतात.

किंगपिन

सुरुवात इथून, कारण किंगपिन बदलली की बाकी सगळी मापं हलतात. टो-इन आधी आणि किंगपिन नंतर असं केलं तर अलाइनमेंटचे पैसे दोनदा जातात.

चाक आणि हब काढा. बेअरिंग कुठल्या क्रमाने निघाले तसेच कापडावर मांडा. ब्रेकची हवा सोडून पाइप काढा. पाइप न काढता ब्रेकचा सांगाडा त्यावर लोंबकळत ठेवू नका, आतून पाइप तुटतो आणि बाहेरून दिसत नाही. टायरॉड आणि उजवीकडे ड्रॅग लिंक सोडवा, कशी ते पुढे येतं.

आता लॉक पिन. किंगपिनला बीममध्ये (पुढच्या एक्सलच्या आडव्या दांड्यात) धरून ठेवणारी ही आडवी निमुळती पिन असते. तिचा नट काढून आट्यांच्या बाजूने ठोकली की ती मागे निघते. ती तशीच ठेवून वरून घण घालणारे लोक मी पाहिलेत. पिन निघत नाही आणि बीमचं भोक मात्र खराब होतं. लॉक पिन निघाली की वरची-खालची टोपी काढा आणि किंगपिन प्रेसने दाबून बाहेर काढा. प्रेस नसेल तर पितळी ड्रिफ्ट ठेवून घणाने. लोखंडावर लोखंड ठोकलं की कपच्या उडतात, म्हणून चष्मा.

गंजलेली किंगपिन निघत नाही म्हणून गॅस मारायची सवय आपल्याकडे सरसकट आहे. मारू नका. बीम आणि स्टब एक्सल घडवलेल्या, पाणी दिलेल्या पोलादाचे असतात. लाल होईपर्यंत तापवले की ती ताकद जाते, आणि कमजोर झालेला भाग नुसत्या डोळ्यांना कळत नाही. ऑइल मारा, दाब ठेवून द्या, चहा घेऊन या, परत दाबा. तरी नाही निघाली तर मोठ्या हायड्रॉलिक प्रेसवाल्याकडे न्या. हेच वेल्डिंगचं. स्टेअरिंगच्या कुठल्याही आर्मला किंवा लिंकला वेल्डिंग नाही, वाकलं असेल तर तापवून सरळ करणंही नाही. पार्ट बदलायचा.

पिन निघाली की बीमचं भोक साफ करून त्यात नवी पिन घालून बघा. तिथे ती डगमगली तर प्रश्न बीमचा आहे, नुसत्या किटने भागणार नाही. मालकाला तेव्हाच सांगा, बिल करताना नाही.

जुने बुश काढून नवे दाबताना एक गोष्ट शंभर वेळा तपासा: बुशचं भोक आणि स्टब एक्सलमधलं ग्रीसचं भोक समोरासमोर आलं पाहिजे. थोडंसं सरकलं तरी ग्रीस आत जात नाही आणि नवं किट वर्षभरात खलास होतं. खात्रीसाठी जोडण्याआधीच निप्पलला गन लावा. बुशच्या भोकातून ग्रीस डोकावलं तरच पुढे. मग वरचा आणि खालचा बुश एकाच रेषेत रीम करा, थोडा थोडा, मधेमधे पिन घालून बघत. पिन हाताच्या दाबाने सरकली पाहिजे, आपोआप घरंगळून खाली पडायला नको. रीमिंगचा चुरा धुऊन हवेने उडवा.

जोडताना थ्रस्ट बेअरिंग बीमच्या खाली, म्हणजे बीम आणि स्टब एक्सलच्या खालच्या कानाच्या मधे. त्याची बंद बाजू वर ठेवायची, म्हणजे वरून येणारं पाणी आत शिरत नाही. आपल्या पावसात उलटं बसवलेलं बेअरिंग एक हंगामही काढत नाही. शिम वरच्या बाजूला. फीलर गेजने फट मोजा आणि मॅन्युअलमधल्या मापात आणा. पिनेची खाच लॉक पिनेकडे करून लॉक पिन ठोका, नट घट्ट करा. आता स्टब एक्सल हाताने डावी-उजवीकडे फिरवा. जड पण सारखा फिरला पाहिजे. मधेच अडकला तर उघडा, "चालता चालता सुटेल" म्हणून पुढे ढकलू नका.

टायरॉड आणि ड्रॅग लिंक

जुना टायरॉड काढण्याआधी दोन्ही बॉलच्या मध्यापासून मध्यापर्यंतची लांबी मोजून फळीवर खडूने लिहा. नवा एंड त्याच लांबीला बसवला की टो-इन निदान जवळपास तरी राहतं.

टेपर, म्हणजे आर्मच्या भोकात अडकलेला एंडचा निमुळता भाग, सोडवताना नट पूर्ण काढू नका, तीन-चार आटे शिल्लक ठेवा, म्हणजे सुटल्यावर दांडा अंगावर पडत नाही. पुलर लावा. पुलर नसेल तर आर्मच्या भोकाच्या बाजूवर एका बाजूने घण टेकवून दुसऱ्या बाजूने हातोड्याचे नेटके फटके द्या, टेपर सुटतो. आट्यांवर ठोकू नका.

नवा एंड नळीत पुरेसा आत गेला पाहिजे. नळीला जी चीर असते तिच्या पलीकडे आटे पोचायला हवेत, नाहीतर क्लॅम्प नुसता नळी दाबतो, एंड धरत नाही. क्लॅम्पचा बोल्ट अशा बाजूला ठेवा की स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर तो एक्सलला लागणार नाही. कॅसल नट (वर खाचा असलेला) टॉर्क पान्याने सांगितलेल्या मापाला घट्ट करा. खाच आणि भोक जुळत नसेल तर नट पुढे घट्ट करत पुढची खाच जुळवा. जुळवण्यासाठी नट मागे ढिला करायचा नाही. स्प्लिट पिन नवीन आणि योग्य जाडीची, दोन्ही पाय वाकवून. तार नाही, खिळा नाही.

ड्रॅग लिंकचं कामही असंच, पण एक फरक डोक्यात पक्का करा. टायरॉडच्या लांबीने टो-इन बदलतं. ड्रॅग लिंकच्या लांबीने स्टेअरिंगचं चाक सरळ-वाकडं होतं. गाडी सरळ चालताना स्टेअरिंग तिरकं दिसतंय म्हणून चाक काढून दुसऱ्या दात्यांवर बसवणं चूक आहे, कारण मग बॉक्स आतून मध्यावर राहत नाही. बॉक्स मध्यावर आणा, पुढची चाकं सरळ करा आणि ड्रॅग लिंक त्या लांबीला बसवा.

ड्रॉप आर्म आणि बॉक्स

ड्रॉप आर्म काढण्याआधी शाफ्टवर आणि आर्मवर जुळणारी खूण आहे का बघा, नसेल तर करा. काढायचा फक्त पुलरने. आर्मवर घण घातला की धक्का थेट बॉक्सच्या आतल्या बेअरिंगला आणि बॉल-नटला जातो. बॉक्सवरचा ऍडजस्टिंग स्क्रू आवळून प्ले घालवायचा मोह होतो. जास्त आवळला की वळणातून स्टेअरिंग सरळ परत येत नाही. घाटात ते ढिल्या स्टेअरिंगपेक्षा वाईट. बॉक्स आतून गेला असेल तर बॉक्सच्या कामाच्या माणसाकडेच पाठवा.

पॉवर स्टेअरिंगचं ऑइल बदलताना मॅन्युअलमध्ये दिलेलंच भरा आणि फिल्टर बदला. पुढची चाकं उचलून, इंजिन आयडलवर ठेवून स्टेअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत राहा, टाकीत ऑइल टाकत राहा, फेस थांबेपर्यंत. टोकाला दाबून धरू नका, पंप तापतो.

टो-इन

चाकं खाली उतरवा, गाडी थोडी पुढे ढकलून थांबवा म्हणजे टायर आपल्या जागी बसतात. टायर उचलून फिरवत मधोमध बारीक रेघ मारलेली असावी. एक्सलच्या उंचीवर पुढे आणि मागे दोन रेघांमधलं अंतर मोजा. रेडियल टायरना पुढचं अंतर मागच्यापेक्षा किंचितच कमी लागतं, साधारण एक-दोन मिलिमीटर, पण आकडा मॉडेलचाच घ्या. टेपने केलेलं हे माप अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत जाण्यापुरतं. तिथे कॅस्टर (किंगपिनचा पुढे-मागे कल) आणि मागच्या एक्सलची रेषाही बघून घ्या.

स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर ड्रॅग लिंकला, फ्रेमला किंवा ब्रेकच्या पाइपला लागत नाही ना आणि स्टॉप बोल्ट दोन्हीकडे बरोबर टेकतात ना, हे त्याच वेळी बघा.

ट्रायल आणि ग्रीस

ट्रायल रिकाम्या गाडीने, सपाट रस्त्यावर. परशुराम घाट नंतर. वीसेक किलोमीटरनंतर थांबा, हबला हात लावा, नट-पिना बघा. पाचशे किलोमीटरच्या आत गाडी परत बोलवा आणि सगळे नट टॉर्क पान्याने तपासा. ड्रायव्हर टाळतो, म्हणून बिलावरच लिहून द्या.

ग्रीस मारताना आधी निप्पल पुसा, नाहीतर लाल माती आपणच आत ढकलतो. किंगपिनला एकदा चाकावर भार असताना आणि एकदा एक्सल उचलून असं दोनदा मारा, म्हणजे भाराने दाबलेल्या बाजूलाही ते पोचतं. जुनं काळं, पाणेरी ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत. पावसाळ्यात मॅन्युअलमधल्या किलोमीटरची वाट बघू नका. गाडी पाण्यातून गेली किंवा प्रेशरने धुतली की मारा. आणि जून-सप्टेंबर उभी राहणार असेल तर ठेवण्याआधी भरपूर ग्रीस भरून मगच झाकून ठेवा.

काढलेले पार्ट मालकाला दाखवा. नंतर टायरॉड एंड आणि किंगपिना गॅस कटरने तोडून भंगारात टाका. अख्खे राहिले तर ते रंग मारून कुठल्यातरी दुसऱ्या गाडीत बसतात.